'हे तुला कुणी सांगितलं?' : गुन्ह्यांवर लिहायला बसलेल्या नव्या मंडळींसाठी

खऱ्या गुन्ह्यांवरचे पॉडकास्ट, सिरीज, लेखमाला यांचं सध्या असं पेव फुटलंय की "मलाही एक केस लिहायचीये, सुरुवात कुठून करू" असं विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच, आणि दर वेळी तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. लांब झालंय. घाई असेल तर पायरी तीन आणि पाच तेवढ्या वाचा.

माझा पहिला लेख एका खुनाच्या केसवर होता आणि मला तो जाम आवडला होता. संपादकांनी प्रिंट परत दिली तेव्हा समासात लाल पेनाने बावीस ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली, 'कुसां?'. मला वाटलं प्रुफवाल्यांची काहीतरी खूण असेल. विचारलं तर म्हणाले, "कुणी सांगितलं?" चा शॉर्टफॉर्म. पहिलंच वाक्य होतं, "त्या रात्री दार उघडताना तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली." आता दार उघडणारी बाई मेलेली, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि आरोपीने कोर्टात शेवटपर्यंत काहीच सांगितलं नाही. मग ती पाल चुकचुकलेली ऐकली कुणी? मी, टेबलाशी बसून.

त्या बावीस जागा परत वाचल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जिथे जिथे मी माहिती नसताना दडपून लिहिलं होतं नेमका तिथेच लेख सगळ्यात मिळमिळीत होता, तीच पाल, तोच काळोख, तीच भयाण शांतता. आणि जिथे कागदावरून जसंच्या तसं उचललं होतं, उदाहरणार्थ बाहेरच्या दिव्याचं बटण आतून बंद केलेलं होतं, तिथे वाचणारा थबकत होता. तेव्हापासून नीती वेगळी आणि कारागिरी वेगळी असं मी मानत नाही, एकच काम आहे ते, आणि खाली जे काही सांगतेय ते सगळं त्या 'कुसां' भोवतीच फिरतं.

पायरी १. केस निवडताना

बहुतेक जण सगळ्यात भयंकर केस शोधतात. माझं मत उलटं आहे, नवख्या माणसाने खुनापासून सुरुवातच करू नये. एखादी फसवणुकीची केस घ्या, कागद भरपूर असतात, हिशेब असतात, माणसं बोलायला तयार असतात, आणि लोक कसे फसतात हे लिहिताना तुम्हाला माणूस लिहायला शिकायला मिळतं, रक्त लिहायला नाही.

खूनच घ्यायचा असेल तर अपिलं वगैरे सगळं संपलेली केस घ्या. चालू तपासावर लिहू नका. का, ते सांगते. १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी एका पार्कमध्ये बॉम्ब फुटला. रिचर्ड ज्युएल नावाच्या सिक्युरिटी गार्डने ती बॅग आधी पाहिली होती, लोकांना तिथून हलवलं होतं, पहिले तीन दिवस तो हिरो होता. मग तपास यंत्रणा त्याच्याकडे संशयाने बघतेय ही बातमी फुटली आणि तो एका रात्रीत व्हिलन झाला. त्याला क्लीन चिट मिळायला ऑक्टोबर अखेर उजाडली. खऱ्या माणसाने, एरिक रुडॉल्फने, २००५ मध्ये कबुली दिली. म्हणजे ज्यांनी ज्युएलबद्दल लिहिलं त्यांची माहिती एका अर्थाने 'खरी' होती, पोलिसांचा संशय होताच ना, पण वाचणाऱ्याने संशय वाचलाच नाही, त्याने निकाल वाचला. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर तर हौशी लोकांनीच फोटो जुळवून जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवलं, आणि काही दिवसांनी त्या मुलाचा मृतदेह सापडला, स्फोटाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील याचा विचार करा आणि मग स्क्रीनशॉटवर लाल गोल काढायला बसा.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा तो म्हणजे ही गोष्ट कुणाची. १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पाच बायकांचे खून झाले, करणाऱ्याला आपण जॅक द रिपर म्हणतो, तो कोण यावर शंभरावर नावं सुचवून झालीत. त्या पाच जणींची नावं किती जणांना येतात? मेरी अॅन निकोल्स, अॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज, मेरी जेन केली. सगळ्याच वेश्या होत्या असं सव्वाशे वर्षं सांगितलं गेलं, मग हॅली रूबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी २०१९ मध्ये त्यांच्या आयुष्यांवर पुस्तक लिहिलं, जुने कागद चाळले आणि दाखवून दिलं की पाचातल्या तिघींबद्दल तसा काही पुरावाच नाही. सव्वाशे वर्षांत 'कुसां' कुणी विचारलंच नव्हतं.

पायरी २. कागद गोळा करा, आणि उलट्या क्रमाने वाचा

इथून पुढे कागद आणि कायद्याचं जे आहे ते भारतातल्या केसपुरतं धरा, दुसऱ्या देशातली केस असेल तर तिथले नियम वेगळे.

सगळे एफआयआरपासून सुरू करतात कारण ती पहिली असते. तुम्ही निकालपत्रापासून करा, तेही सगळ्यात वरच्या कोर्टाच्या. कारण त्यात दोन्ही बाजू थोडक्यात येतात, कुठला साक्षीदार टिकला, कुठला फितूर झाला, कुठला पुरावा गळला हे कळतं. मग खालच्या कोर्टाचं निकालपत्र, मग साक्षी आणि निशाणी क्रमांक लागलेले, म्हणजे पुराव्यात घेतलेले, कागद, मग शेवटी एफआयआर. निकालपत्रं कोर्टांच्या वेबसाइटवर बरीच मिळतात. २०१६ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने एफआयआरही पोलिसांनी २४ तासांत वेबसाइटवर टाकायची असते, लैंगिक गुन्हे आणि दहशतवादासारखी संवेदनशील प्रकरणं सोडून. आरोपपत्राचं मात्र तसं नाही, तो सार्वजनिक दस्तऐवज नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, त्यामुळे वकिलाकडून वगैरे कॉपी हाती आली तर ती कुठून आली आणि तुम्ही ती कशी वापरणार याचा आधी विचार करा.

एफआयआर म्हणजे प्रथम खबर, बस. कुणीतरी येऊन सांगितलं आणि ते लिहून घेतलं, तपासाची सुरुवात, शेवट नाही. "एफआयआरमध्ये लिहिलंय" म्हणजे "घडलंय" असं होत नाही.

जबाबांची गंमत तर वेगळीच. "मी समक्ष पोलीस स्टेशनला हजर राहून विचारले वरून जबाब लिहून देते की" इथपासून "माझा जबाब वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे" इथपर्यंत सगळे जबाब एकाच साच्यातले असतात. एका केसमध्ये मी तीन शेजाऱ्यांचे जबाब वाचले, एक आजोबा, एक कॉलेजचा मुलगा, एक दुकानात काम करणारी बाई, आणि तिघंही "सदर इसम हा संशयास्पदरीत्या वावरताना मिळून आला" असंच बोलत होते! माणूस असं बोलतो का कधी? ती भाषा जबाब लिहिणाऱ्या हवालदाराची आहे, शेजाऱ्यांची नाही. अशा जबाबावर साक्षीदाराची सहीसुद्धा नसते, कायद्यातच तसं आहे. तेव्हा जबाबातलं वाक्य अवतरणचिन्हात टाकून "शेजारीण म्हणाली" असं लिहू नका. कोर्टातल्या साक्षीत उलटतपासणीत ती काय म्हणाली ते बघा, खरी गोष्ट बहुतेक वेळा तिथे असते.

आणि कबुलीजबाब. "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली" ही ओळ रोज छापून येते. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आधी पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये. त्या कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली, चाकू काढून दिला वगैरे, तर तेवढाच भाग वापरता येतो, तो ज्यात नोंदवतात त्याला निवेदन पंचनामा म्हणतात. जी गोष्ट न्यायाधीश वाचणार नाही ती तुम्ही वाचकाला ठासून सांगताय, हे निदान माहीत असू द्या.

पायरी ३. वही

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हिच्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे. वही घ्या किंवा एक्सेल शीट, तीन रकाने पाडा. पहिल्यात गोष्ट, दुसऱ्यात कुणी सांगितली, तिसऱ्यात दुसऱ्या कुणी दुजोरा दिला का. प्रत्येक वेळ, प्रत्येक वस्तू, प्रत्येक संवाद. "रात्री सव्वाअकराला फोन आला" - सीडीआर (फोन कंपनीकडची कॉलची नोंद), पान अमुक. "फोनवर तो ओरडत होता" - मैत्रीण, कोर्टातली साक्ष, दुजोरा नाही. "स्कूटी निळी" - पंचनामा.

मग त्याच शीटची वेळेप्रमाणे उतरंड लावा. दोन गोष्टी लगेच होतील. एक, विसंगती बाहेर येतील, एकच माणूस दहा मिनिटांत दोन ठिकाणी दिसेल. दोन, भोकं दिसतील. साडेअकरा ते पावणेएक काय झालं कुणालाच माहीत नाही. नवा लेखक काय करतो, ते भोक बुजवतो. तसं करू नका हो. भोक उघडं ठेवा आणि वाचकाला दाखवा. "साडेअकरानंतर तिला कुणी पाहिलं नाही. पावणेएकला दार उघडं होतं." ह्या दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा आहे तिथे वाचक स्वतः श्वास रोखतो, तुम्हाला पाल चुकचुकवायची गरजच पडत नाही.

ट्रुमन कपोटी या मोठ्या अमेरिकन लेखकाने कॅन्ससमध्ये १९५९ साली झालेल्या एका कुटुंबातल्या चौघांच्या खुनांवर 'इन कोल्ड ब्लड' लिहिलं, १९६६ साली पुस्तक आलं, त्यातला शब्दन् शब्द खरा आहे असं तो सांगत राहिला. पुस्तकाचा शेवटचा प्रसंग, तपास अधिकारी कबरस्तानात मेलेल्या मुलीच्या मैत्रिणीला भेटतो तो, घडलेलाच नव्हता. बनवलेला होता. एवढ्या ताकदीचा माणूस, सहा वर्षं खपला, आणि शेवट गोड हवा म्हणून घसरला. आता कुणीही त्या पुस्तकाबद्दल बोलायला लागलं की हा विषय निघतोच.

पायरी ४. माणसांकडे जाताना

आधी चिठ्ठी किंवा मेसेज, मग फोन, मग भेट. दारात अचानक उभं राहू नका. तुम्ही कोण, काय लिहिताय, कुठे येणार, पैसे मिळणार आहेत का, सगळं पहिल्याच भेटीत सांगा. आणि "तुमच्या माणसाला न्याय मिळवून देऊ" हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका, तुमच्या हातात ते नाही आणि समोरचं माणूस त्या वाक्याला चिकटून बसतं.

मी एकदा एका खून झालेल्या मुलीच्या बहिणीकडे गेले होते. माझ्याकडे प्रश्नांची यादी होती, सगळे त्या शेवटच्या रात्रीचे. ती अर्धा तास उत्तरं देत राहिली, अगदी सराईतासारखी, तेच शब्द कोर्टात, तेच चॅनलवाल्यांना, तेच मला. मग मी वही मिटली आणि कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या एका फोटोकडे बघून विचारलं, हा कधीचा. तर तो मुलीने स्वतःच्या हाताने कापलेल्या केसांचा फोटो होता, एक बाजू वर एक खाली, आणि दोघी बहिणी हसून हसून वाकल्यात. मग ती दीड तास बोलली. गुन्ह्याबद्दल एक शब्द नाही. माझा लेख त्या दीड तासातून झाला.

प्रश्न कसा विचारता याने आठवण बदलते, हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही म्हणत. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि वेग किती होता विचारलं. काहींना विचारताना "गाड्या एकमेकींना लागल्या" अशा अर्थाचा सौम्य शब्द, काहींना "धाडकन आदळल्या" असा. सौम्यवाल्यांचा सरासरी अंदाज ताशी बत्तीस मैलांच्या आसपास, धाडकनवाल्यांचा चाळीसच्या वर. तशाच दुसऱ्या प्रयोगात फिल्म दाखवल्यावर आठवडाभराने काचा फुटलेल्या पाहिल्या का असं विचारलं तर धाडकनवाल्या गटात हो म्हणणारे जास्त निघाले, आणि फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तेव्हा "तो चिडलेला होता ना?" असं विचारू नका. "तो कसा होता?" आणि मग गप्प बसा. गप्प बसायला सगळ्यात जास्त शिकावं लागतं.

रेकॉर्डिंग करायचं तर विचारून. समोरचं माणूस रडायला लागलं तर रेकॉर्डर बंद, आणि परत चालू करायला परत विचारा. आणि आरोपीच्या घरच्यांनाही भेटा, त्यांनी काही केलेलं नसतं, आणि त्यांच्या दारावर कुणी काय लिहून ठेवलंय हे तुम्हाला कळायला पाहिजे.

पायरी ५. शब्द

आपल्याकडे गुन्ह्याच्या बातमीची एक तयार मराठी आहे. खळबळ माजते, थरार घडतो, परिसरात हळहळ व्यक्त होते, मुसक्या आवळल्या जातात, बेड्या ठोकल्या जातात, नराधम गजाआड होतो. ही भाषा इतकी सवयीची आहे की विचार न करता बोटांतून उतरते. एक नमुना घेऊ, मीच बनवलाय:

"नराधम पतीने किरकोळ कारणावरून रागाच्या भरात पत्नीचा निर्घृण खून करून पोबारा केला."

आता एकेक शब्द धरून 'कुसां' विचारा. नराधम - हे कोर्टाने नाही ठरवलं, तुम्ही ठरवलंत. किरकोळ कारण - किरकोळ कुणाच्या मापाने? हे कारण बहुतेक वेळा आरोपीने पोलिसांना सांगितलेलं असतं, म्हणजे जिवंत राहिलेल्या माणसाची बाजू, मेलेलीची नाही. रागाच्या भरात - हा तर बचावाचा मुद्दा आहे, अचानक आणि गंभीर चिथावणी मिळाली असं सिद्ध झालं तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो, म्हणजे तुम्ही त्याला नराधमही म्हणालात आणि वर त्याची वकिलीही फुकटात केलीत. निर्घृण - दयाळू खून कुठे असतो का? पोबारा - घरात नव्हता एवढंच माहीत आहे. उरलं काय, तर कागदांवर असेल तेवढंच, समजा हे:

"रात्री अकराच्या सुमारास शेजाऱ्यांनी आरडाओरडा ऐकला. साडेअकराला पोलीस आले तेव्हा ती स्वयंपाकघरात मृत पडलेली होती. नवरा घरात नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली, खून त्यानेच केला असं पोलिसांचं म्हणणं आहे."

विशेषण एक नाही आणि तरी हे जास्त लागतं.

मराठीचा एक फायदा आहे तो कुणी वापरत नाही याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या क्रियापदातच माहिती कुठून आली ते सांगायची सोय आहे. 'त्याने केला' म्हणजे ठाम. 'केला असणार' म्हणजे खुणांवरून जवळजवळ खात्री. 'केला असावा' म्हणजे अंदाज. 'केला म्हणे' म्हणजे ऐकीव, आणि त्यात बोलणाऱ्याची थोडी शंकाही. ह्या चार पायऱ्या फुकट मिळालेल्या असताना आपण 'केल्याचे समजते' लिहितो. कुणाला समजते? ते वाक्य जबाबदारी झटकायला बनवलेलं आहे.

आणि कर्ता लपवू नका. "तिच्यावर अत्याचार झाला", "ती बळी पडली", "तिला जीव गमवावा लागला" - पाऊस पडावा तसं आपोआप. आरोप सिद्ध झालेला असेल तर "त्याने केला" असंच लिहा, आणि सिद्ध नसेल तर "त्याने केला असा आरोप आहे". 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' हे तर कायमचं हद्दपार करा. ती नाही म्हणाली, तो मागे लागला, त्याने वार केला. यात प्रेम कुठे आलं?

संशयित, आरोपी, दोषी हे तीन वेगळे टप्पे आहेत, अदलाबदल चालत नाही. आणि "पुराव्याअभावी सुटला" लिहिताना आपण डोळा मारल्यासारखं करतो, म्हणजे केलं त्यानेच होतं पण. निकालपत्र वाचा, काही निकालांत न्यायाधीशांनी सरळ लिहिलेलं असतं की साक्षीदार खोटं बोलला.

पायरी ६. किती दाखवायचं

जखमांचं वर्णन हवं का नको यावर लोक तावातावाने भांडतात. माझी कसोटी साधी, तो तपशील काढला तर केस समजायला अडचण येते का. जखमा पाठीवर होत्या यावरून ती पळत होती की झटापट झाली हे ठरत असेल तर ठेवा, एकदाच, सरळ शब्दांत. किती वार आणि कुठे कुठे याची यादी देऊन वाचकाला हादरवायचं असेल तर काढा. मी लिहिताना असं धरून चालते की हे त्या मुलीची आई वाचणार आहे, आणि आई वाचतेच, त्यांना कुणीतरी लिंक पाठवतंच.

आत्महत्येचा संबंध असेल तर जास्त जपून. गाजलेल्या आत्महत्यांच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्येच आकड्यांनी दाखवलं होतं, अशा अभ्यासांवरूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत पद्धत आणि जागेचं वर्णन नको, एकच कारण चिकटवणं नको, मदतीचा नंबर द्या, असं सगळं आहे. भारतातल्या वाचकांसाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. विष, डोस, फसवणुकीची नेमकी युक्ती, याबाबतीतही तेच, समजण्यापुरतं सांगा, करण्यापुरतं नको.

पायरी ७. कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी, थोडक्यात

तुम्हाला बनवायची मुभा आहे, पण बनवलेलं खरं वाटायला हवं. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस दोन सेकंदांत आडवा, हे फक्त पडद्यावर, खरं म्हणजे काही मिनिटं लागतात. डॉक्टर मृतदेहाकडे बघून "मृत्यू रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी" असं सांगू शकत नाहीत, शरीर ताठरणं साधारण दोन ते चार तासांत सुरू होतं, बारा तासांच्या आसपास पूर्ण होतं आणि मग दीड-दोन दिवसांत उतरतं, त्यातही उन्हाळ्यात भराभर आणि थंडीत हळू, म्हणून रिपोर्टात वेळेची रेंज असते. ल्युमिनॉल, म्हणजे रक्ताचे डाग शोधायला फवारतात ते रसायन, ब्लीचवरही चमकतं. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला तर रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येत नाही. ह्या अडचणी म्हणजे कथेचे शत्रू नाहीत, उलट तीन महिने रिपोर्टची वाट बघणारा तपास अधिकारी हे किती चांगलं पात्र आहे!

खऱ्या केसवरून 'प्रेरित' लिहिणार असाल तर नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, धंदा, वर्ष, कुटुंबातली माणसं तीच ठेवलीत तर सगळे ओळखतात, आणि मग तुम्ही घातलेलं काल्पनिक लफडं पण खरं धरतात. एक तर नीट उसवून नव्याने शिवा, नाही तर सरळ खरं लिहा.

कायदा, जेवढा माहीत हवाच तेवढा

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, पूर्वीचं २२८-अ, दोन वर्षांपर्यंत कैद. पीडिता मयत असली तरी, आणि घरचे हो म्हणाले तरी, मनाने छापता येत नाही, सत्र न्यायाधीशांकडे जावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात स्पष्ट केलंय. 'ओळख' म्हणजे फक्त नाव नाही, शाळा, वडिलांचा हुद्दा, गल्लीचा फोटो, सगळं एकत्र करून कुणाला कळत असेल तर ती ओळखच. मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) कलम २३ आणि बालन्याय कायद्याचं कलम ७४, आणि हे दुसरं कलम कायद्याशी संघर्षात सापडलेल्या मुलालाही, म्हणजे ज्याने गुन्हा केल्याचा आरोप आहे त्यालाही, लागू असतं. लोक नेमकं हे विसरतात.

सार्वजनिक न्यायालयीन कागदांवर आधारलेलं असेल तर संमतीशिवायही लिहिता येतं, हे १९९४ च्या आर. राजगोपाल निकालापासून आहे, लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचा अपवाद तिथेही आहे. त्या कागदांच्या पलीकडे जाऊन तुम्ही कल्पनेने भर घातली की हे संरक्षण विसरा. मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही असं समजू नका, नातेवाइकांच्या भावना दुखवायच्या इराद्याने केली तर कायद्यात तीही बदनामीच आहे. सुनावणी चालू असेल तर १९७१ चा न्यायालय अवमान कायदा आहेच. शंका आली की वकिलाला दाखवा.

पायरी ८. बाहेर जाण्याआधी आणि नंतर

ज्याच्यावर तुम्ही काही आरोप करताय त्याला आधी विचारा, त्याचं म्हणणं घ्या, उत्तर नाही आलं तर "उत्तर आलं नाही" असं लिहा आणि उत्तर द्यायला किती दिवस दिले तेही लिहा. घरच्यांना पूर्ण लेख मंजुरीला देऊ नका, पण त्यांनी सांगितलेल्या गोष्टी वाचून दाखवा, चुका निघतात. लेख कधी येणार ती तारीख त्यांना कळवा, अचानक स्क्रोल करताना दिसायला नको. वाढदिवस किंवा वर्षश्राद्धाच्या दिवशी टाकू नका.

स्वतःकडेही बघा. महिनाभर पोस्टमॉर्टेमचे रिपोर्ट वाचले की झोप जाते, मी दोनदा अनुभवलंय. फोटो रात्री उघडू नका, एवढा एक नियम तरी पाळा.

आणि चूक निघाली तर गुपचूप बदलू नका, खाली लिहा काय चुकलं होतं. माझा त्या बहिणीवरचा लेख आला त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. मी घाबरतच उचलला. ती म्हणाली, "ताई, बाकी ठीक आहे, पण तिची स्कूटी निळी नव्हती, राखाडी होती." मी म्हटलं, पंचनाम्यात निळी लिहिलीये. ती म्हणाली, "पंचांनी रात्री बघितली असेल." दोन मिनिटांनी फोटो आला, दोघी स्कूटीवर, दुपारचं ऊन, आणि स्कूटी चांगली राखाडी. लेखात दुरुस्ती केली, खाली एक ओळ टाकली, मग वही काढली आणि स्कूटीच्या ओळीत दुसऱ्या रकान्यातला 'पंचनामा' खोडून तिथे लिहिलं, बहीण, फोटो.